मीटर बदलल्यावरही टर्मिनल पुन्हा जळते: तपासणीचा क्रम आणि लागणारी हत्यारे

मीटरचे टर्मिनल (वायर आवळण्याची जागा) जळाले, वीज कंपनीचा माणूस येऊन मीटर बदलून गेला, आणि वर्ष उलटायच्या आत नव्या मीटरचेही तेच टर्मिनल काळे पडले, अशा तक्रारी दर उन्हाळ्यात आणि पुन्हा थंडी सुरू होताना हमखास येतात. उन्हाळ्यात एसी चालू झालेले असतात आणि थंडीत गिझर. घरमालकाची समजूत अशी होते की मीटरच हलक्या प्रतीचे आले. हे काम सतत करणाऱ्याला मात्र दोष बहुतेक वेळा दुसरीकडे सापडतो. तो मीटरमध्ये शिरणाऱ्या वायरच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये असतो, आणि मीटर बदलताना नेमके तेच टोक पुसून, सरळ करून, जसेच्या तसे नव्या मीटरमध्ये खोवले जाते.

पुढील मजकूर ज्या घरगुती मीटरमध्ये वायरी खालून टर्मिनलच्या भोकात शिरतात आणि स्क्रूने आवळल्या जातात, त्यांच्याबद्दल आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरी हीच रचना आढळते. मीटरचे सील तोडून टर्मिनल कव्हर उघडण्याचा अधिकार ग्राहकाला नाही, आणि ग्राहकाने बोलावलेल्या खाजगी वायरमनलाही नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३८ मध्ये मीटर अनधिकृतपणे जोडणे, काढणे किंवा त्याची नासधूस करणे यासाठी तीन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायद्याहूनही मोठे कारण असे की मीटरच्या येणाऱ्या बाजूला घरमालकाच्या हातातला कोणताही स्विच नसतो. घरातले सगळे बंद केले तरी तिथली वायर जिवंतच राहते. म्हणून खालच्या तपासण्यांपैकी पहिल्या पाच ग्राहकाने कराव्यात, सहावी परवानाधारक तारतंत्र्याकडून (वायरमनकडून) करून घ्यावी आणि शेवटच्या दोन कंपनीकडेच सोपवाव्यात.

लक्षणे

सर्वांत आधी वास येतो. मीटरच्या पेटीजवळ, विशेषतः संध्याकाळी घरातले सगळे चालू असताना, तापलेल्या प्लास्टिकचा, किंचित मासळीसारखा उग्र वास येतो आणि सकाळपर्यंत तो नाहीसा झालेला असतो. मग बारीक तडतडणे किंवा फुसफुस ऐकू येऊ लागते. गिझर चालू केला की ती वाढते आणि बंद केला की थांबते. डोळ्यांना दिसणारी चिन्हे त्यानंतरची आहेत: टर्मिनल कव्हरवर पिवळट-तपकिरी डाग, चारपैकी एकाच वायरचे इन्सुलेशन मीटरच्या तोंडाशी आक्रसून मागे सरकलेले, आणि त्या वायरचा रंग बाकीच्यांपेक्षा काळपट. घरात मोठे उपकरण चालू होताच दिवे क्षणभर मंदावतात, पंख्याचा वेग कमी-जास्त होतो, राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शेवटच्या टप्प्यात मीटरचा डिस्प्ले अधूनमधून कोरा पडतो, किंवा घरातली वीज जाते आणि मीटरवर थाप मारली की परत येते.

थाप मारून वीज परत आणण्याचा उपाय अनेक ठिकाणी सर्रास चालतो. तो ताबडतोब बंद करावा. थापेने ढिला सांधा क्षणभर जुळतो, जुळताना ठिणगी पडते, त्या ठिणगीत धातूचा आणखी थोडा भाग जळतो, आणि पुढच्या वेळी अधिक जोराची थाप लागते.

एमसीबी पडला नाही म्हणून सांधा ठीक असेल, असा तर्क अनेक जण करतात. तो इथे लागू होत नाही. एमसीबी प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पडतो आणि आरसीसीबी प्रवाह जमिनीकडे गळू लागला की पडतो. ढिल्या सांध्यात यांपैकी काहीच घडत नाही. प्रवाह नेहमीएवढाच, किंबहुना किंचित कमीच असतो. त्यामुळे घरातले सर्व संरक्षण उत्तम स्थितीत असतानाही टर्मिनल निवांत जळत राहते.

दिवे मंदावण्याची वाट का पाहू नये

दोन किलोवॅटचा गिझर आणि दीड टनाचा एसी एकदम चालू असतील, तर साधारण १६ अँपिअर प्रवाह वाहतो. सांध्यातला रोध फक्त ०.१ ओहम आहे असे धरले, तर त्या ठिकाणी १.६ व्होल्ट कमी होतात. २३० मधून दीड व्होल्ट कमी झाल्याचे कोणत्याही दिव्याकडे पाहून कळत नाही. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १६ चा वर्ग २५६, त्याला ०.१ ने गुणले की २५.६ वॅट. म्हणजे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न टर्मिनलच्या पितळी नळीत खोचून संध्याकाळभर चालू ठेवावे, तेवढी उष्णता तिथे तयार होते. वायरवरचे साधे पीव्हीसी इन्सुलेशन सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असे बनवलेले असते. पेटी उन्हाच्या भिंतीवर असेल, तर विदर्भातल्या मे महिन्यात तिची सुरुवातच ४५ अंशांच्या पुढून होते. दिवे ठळकपणे मंदावू लागतात तेव्हा रोध याच्या कितीतरी पट वाढलेला असतो आणि आतले नुकसान होऊन गेलेले असते.

पोलवरून येणारी सर्व्हिस वायर बहुधा ॲल्युमिनियमची असते, आणि दोष पुन्हा पुन्हा येण्याचे मूळ याच धातूच्या स्वभावात आहे. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो थर वीज वाहून नेत नाही. स्क्रूच्या दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू चेपत जाते, त्यामुळे आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांनी, कोणी हात न लावताही, ढिला होतो. गरम झाल्यावर ते पितळेपेक्षा जास्त फुगते आणि थंड झाल्यावर जास्त आकसते. रोज संध्याकाळी फुगणे आणि रोज रात्री आकसणे यातून फट वाढते, फटीत हवा शिरते, ऑक्साइड वाढतो, रोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. कोकणपट्टीत आणि गोव्यात यात खाऱ्या दमट हवेची भर पडते. तिथे तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळलेला उघडा सांधा एका पावसाळ्यात पांढऱ्या भुकटीने भरलेला दिसतो.

पहिली तपासणी: शेजाऱ्यांकडे विचारावे

यासाठी पैसे लागत नाहीत आणि हत्यारही लागत नाही. आपल्याकडे दिवे मंदावतात त्याच क्षणी शेजारच्या दोन घरांतही मंदावतात का, हे विचारून घ्यावे. सगळीकडे मंदावत असतील तर दोष ट्रान्सफॉर्मरवर, पोलवर किंवा लाइनवर आहे आणि आपल्या मीटरची तपासणी करण्यात अर्थ नाही. एकट्या आपल्याच घरात होत असेल तर पुढे जावे.

विचारताना एक गोष्ट अवश्य विचारावी: कोणाकडे दिवे नेहमीपेक्षा जास्त प्रखर होतात का? आपल्या घरात थ्री फेज जोडणी असेल आणि काही खोल्यांत दिवे मंद, तर काही खोल्यांत प्रखर होत असतील, किंवा वस्तीतल्या काही घरांत तसे होत असेल, तर न्यूट्रल (परतीची वायर) तुटला आहे किंवा तुटण्याच्या बेतात आहे. अशा वेळी दोन फेजमधला ४१५ व्होल्टचा दाब दोन घरांच्या किंवा दोन खोल्यांच्या उपकरणांमध्ये भाराप्रमाणे वाटला जातो, आणि ज्या बाजूला भार कमी तिथे २३० ऐवजी ३०० च्या वरही दाब जाऊ शकतो. इथे पुढची कोणतीही तपासणी करू नये. मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांनाही बंद करायला सांगावे आणि १९१२ या वीज तक्रारीच्या क्रमांकावर कळवावे.

दुसरी तपासणी: हात न लावता पाहणे, ऐकणे, वास घेणे

रात्री गिझर किंवा एसी अर्धा तास चालू ठेवून, टॉर्च घेऊन मीटरसमोर उभे राहावे. पेटी लोखंडी असेल तर तिला हात लावू नये, कारण आतल्या वायरचे वितळलेले इन्सुलेशन पत्र्याला टेकले असेल तर पेटीतच वीज उतरलेली असते. चारही वायरी जिथे मीटरमध्ये शिरतात ती जागा नीट न्याहाळावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. महिन्याभराने काढलेला दुसरा फोटो शेजारी ठेवला की डाग वाढतो आहे का, हे निर्विवाद कळते, आणि तक्रार नोंदवताना हेच दोन फोटो सर्वांत उपयोगी पडतात. पेटीत पाणी ठिबकल्याच्या खुणा, मुंग्यांची माती, पालीची विष्ठा दिसते का तेही पाहावे. काढण्यासाठी मात्र आत काडीही घालू नये.

कोणती वायर काळी पडली आहे, यावरून बरेच काही कळते. पोलकडून आलेल्या दोनांपैकी एक असेल तर काम पूर्णपणे कंपनीचे आहे. घराकडे जाणाऱ्या दोनांपैकी एक असेल तर वायर आपली असते, पण ती ज्या टर्मिनलमध्ये आवळली आहे ते सीलखाली असते, त्यामुळे दोघांनी मिळूनच काम करावे लागते.

तिसरी तपासणी: भाराची बेरीज

वीज बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. घरातली एकाच वेळी चालणारी मोठी उपकरणे कागदावर मांडून त्यांच्या वॅटची बेरीज करावी आणि या आकड्याशी ताडून पाहावी. दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही एवढ्यासाठी कधीकाळी ओढलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या वायरवर आज गिझर, एसी, इंडक्शन शेगडी आणि पाण्याचा पंप एकदम चालत असतील, तर सांधा कितीही चांगला केला तरी तो तापणारच. अशा घरात भारवाढीचा अर्ज करून जाड सर्व्हिस वायर घेणे हाच खरा उपाय आहे. तो होईपर्यंत गिझर आणि एसी एका वेळी चालू न ठेवणे एवढे तरी पाळावे. प्रवाह निम्मा केला की सांध्यातली उष्णता एक चतुर्थांश होते.

चौथी तपासणी: टेस्टर

टेस्टर साधा असतो, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे ठाऊक असले पाहिजे. घरातली वीज गेल्यासारखी वाटते, दिवे लागत नाहीत, आणि तरीही सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, तर न्यूट्रल तुटलेला आहे. फेज कुठल्यातरी चालू राहिलेल्या उपकरणातून फिरून न्यूट्रलच्या वायरवर आलेला असतो. हे दिसले की मेन स्विच बंद करून थांबावे. "वीज नाही" असे समजून अशा वेळी बल्ब बदलणाऱ्या माणसाला न्यूट्रलच्या वायरचाही झटका बसू शकतो. उलट सांधा नुसता तापत असेल, तर टेस्टर नेहमीसारखाच पेटतो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो.

पाचवी तपासणी: मल्टिमीटर आणि मीटरचा डिस्प्ले

इलेक्ट्रॉनिक मीटरच्या अनेक मॉडेलांत बटण दाबत गेले की युनिटबरोबर व्होल्टेजही दिसते. या सोयीचा उपयोग करून सील न उघडता दोष कोणत्या बाजूला आहे हे बऱ्यापैकी ओळखता येते, आणि माझ्या मते घरमालकाला करता येण्याजोग्या तपासण्यांमध्ये ही सर्वांत मोलाची आहे.

मल्टिमीटर कॅट ३ या सुरक्षा-वर्गाचा, ६०० व्होल्टचा असावा. त्याची लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे आणि १० अँपिअरच्या भोकात नाही, हे प्रत्येक वेळी पाहून घ्यावे. त्या भोकात राहिली आणि सॉकेटमध्ये घातली तर थेट शॉर्ट सर्किट होते. मेन स्विचला सर्वांत जवळ असलेल्या, आणि ज्यावर दुसरे काही चालत नाही अशा सॉकेटमध्ये मोजमाप घ्यावे. आधी सगळा भार बंद ठेवून मीटरच्या डिस्प्लेवरचे आणि मल्टिमीटरवरचे व्होल्टेज लिहून घ्यावे. मग गिझर चालू करून दोन्ही पुन्हा लिहावेत. दोन उपकरणांचे मूळ आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळणार नाहीत, म्हणून आकडे न पाहता प्रत्येकात किती घट झाली तेवढेच पाहावे.

मीटरच्या डिस्प्लेवर घट कमी आणि सॉकेटवर तीन-चार व्होल्टने जास्त असेल, तर दोष मीटरच्या घराकडच्या टर्मिनलपासून डीबीपर्यंत (घरातल्या एमसीबींच्या पेटीपर्यंत) कुठेतरी आहे. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर ती मीटरच्या आधीची आहे. पण ही दुसरी घट म्हणजे सांध्याचाच दोष असेल असे नाही. ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या वाडीत लांब वायरमुळेही पाच-सहा व्होल्ट कमी होऊ शकतात. फरक असा की वायरच्या लांबीमुळे झालेली घट स्थिर असते, आणि ढिल्या सांध्यामुळे झालेली घट एका जागी ठरत नाही. भार तोच असताना आकडा खाली-वर उड्या मारतो. या उड्या दिसल्या की तपासणी थांबवून तक्रार नोंदवावी.

सहावी तपासणी: मेन स्विच, कटआउट, डीबी

हे काम अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेल्या तारतंत्र्याचे आहे. मेन स्विच खाली पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या, म्हणजे मीटरकडून येणाऱ्या दोन टर्मिनलवर वीज असते, आणि घरगुती दुरुस्तीतले कित्येक अपघात ही गोष्ट विसरल्यामुळे होतात. जुन्या घरांतल्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये (कटआउटमध्ये) तांब्याच्या पात्या कालांतराने सैल होतात आणि तिथेही तोच तापण्याचा प्रकार घडतो. पात्या निळसर-काळ्या पडल्या असतील तर फ्यूजची तार बदलून भागत नाही, बेस आणि होल्डर दोन्ही बदलावेत. एमसीबीच्या खोबणीत वायरबरोबर इन्सुलेशनही चिमटले गेले आहे का, आणि एका खोबणीत दोन वेगळ्या जाडीच्या वायरी कोंबल्या आहेत का, एवढे पाहिले की बहुतेक दोष सापडतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो बंद करून बॅटरीची जोडणी सोडवावी. छतावर सोलर असेल तर त्याच्या एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) बाजूचा आयसोलेटर स्विचही पाडावा. बाहेरची वीज तोडूनही मीटरच्या घराकडच्या टर्मिनलवर या दोन वाटांनी दाब येऊ शकतो.

सातवी तपासणी: मीटरचे टर्मिनल

इथून पुढे काम कंपनीच्या किंवा तिने नेमलेल्या माणसाचे आहे. तरीही मी हे सविस्तर लिहितो, कारण हे काम करणाऱ्या तरुण तारतंत्र्यांना ते उपयोगी पडेल, आणि काम नीट होते आहे की नाही हे घरमालकाला हत्यारांकडे पाहूनच ओळखता येईल.

टेस्टरने टर्मिनलचा स्क्रू आवळणे ही या धंद्यातली सर्वांत वाईट सवय आहे. टेस्टरचे पाते अरुंद आणि मऊ असते. ते स्क्रूच्या खाचेत डुगडुगते, खाच खराब करते आणि पुरेसा जोर देऊच शकत नाही. मुठीतल्या प्लास्टिकमध्ये एक रोधक असतो, त्याच्यामुळेच टेस्टर हातात धरणे सुरक्षित असते, आणि पिळ देऊन ती मूठ तडकली तर पुढच्या वेळी तोच टेस्टर धोक्याचा ठरतो. मीटरच्या कामाला स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसेल अशा रुंदीचा इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर हवा. नुसती प्लास्टिकची मूठ असलेला ड्रायव्हर इन्सुलेटेड होत नाही. खऱ्या इन्सुलेटेड ड्रायव्हरच्या दांडीवर टोकाच्या जवळपर्यंत घट्ट आवरण असते आणि त्यावर दोन त्रिकोणांची खूण व १००० व्होल्टचा शिक्का असतो. आयईसी ६०९०० या मानकाची ती खूण आहे. मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रलची टर्मिनले एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात, उघडी दांडी घसरून दोहोंना एकदम टेकली तर जाळ थेट तोंडावर येतो. साध्या ड्रायव्हरला काळी टेप गुंडाळून हे संरक्षण मिळत नाही. टेप उन्हात सुटते आणि तिच्या घड्यांमधून ठिणगी निघू शकते.

हातमोजे रबराचे, विजेच्या कामासाठी बनवलेले असावेत. आपल्याकडे त्यांचे मानक आयएस ४७७० आहे. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ५०० व्होल्टपर्यंत वर्ग ०० आणि १००० व्होल्टपर्यंत वर्ग ० वापरतात. रोज घालण्यापूर्वी मोज्याचे तोंड गुंडाळत न्यावे, आत हवा कोंडावी आणि बोटांपैकी एखादे हवा सोडते का ते गालाजवळ धरून पाहावे. तारेच्या टोकाने पडलेले टाचणीएवढे भोक डोळ्यांना दिसत नाही, पण गालाला हवा जाणवते. वरून चामड्याचे मोजे घातले तर रबर टिकते. पायाखाली आयएस १५६५२ ची मॅट, डोळ्यांवर चष्मा, हातात घड्याळ किंवा अंगठी नाही.

इंटरनेटवरच्या काही व्हिडिओंत दोन मुठींचे एक हत्यार मीटरच्या कडेला अडकवून मीटर खेचून काढताना दिसते. अमेरिकेत मीटर सॉकेटमध्ये बसवलेले असतात, मागच्या पात्या स्प्रिंगच्या जबड्यांत शिरतात, आणि ते हत्यार त्याच रचनेसाठी आहे. तिथेही भार चालू असताना मीटर खेचले तर जाळ निघतो, आणि तिथेही सील कंपनीचेच असते. आपल्या मीटरवर त्या हत्याराचा काहीही उपयोग नाही.

काम करण्याचा क्रम असा असावा. आधी घरातला मेन स्विच बंद, म्हणजे प्रवाह थांबला. मग मीटरआधीच्या कटआउटवरून किंवा पोलवरून येणारी वीज तोडलेली. त्यानंतर टेस्टर किंवा मल्टिमीटर आधी जिवंत असलेल्या जागी लावून तो चालतो याची खात्री करावी, मग टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही मोजावे, आणि पुन्हा त्या जिवंत जागी लावून पाहावा. मधल्या वेळात मोजण्याचे साधनच बिघडले असेल तर "वीज नाही" हे उत्तर खोटे असते, म्हणून शेवटचे मोजमाप कधीही गाळू नये. काढताना फेज आधी आणि न्यूट्रल नंतर, जोडताना न्यूट्रल आधी आणि फेज नंतर, हा क्रम वीज तोडलेली असतानाही पाळावा. कोणी चुकून पुरवठा सुरू केला तर हीच सवय जीव वाचवते. कोणते टर्मिनल कशाचे, हे कव्हरच्या आतल्या आकृतीवरून वाचावे, कारण सगळ्या मीटरांत क्रम एकच नसतो.

आता मूळ मुद्दा, वायरचे टोक. जळालेला भाग पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरायचा नसतो. उष्णतेने ॲल्युमिनियम आणि तांबे दोन्ही नरम पडतात आणि दाब धरून ठेवत नाहीत. आतली तार चकचकीत आणि इन्सुलेशन लवचिक दिसेपर्यंत वायर मागे कापत जावी. वायर कमी पडली तर पिळून, टेप मारून जोड देऊ नये. वायर बदलावी, कारण तसा जोड म्हणजे जळणारी दुसरी जागा तयार करणे होय. इन्सुलेशन काढायला स्ट्रिपर वापरावा. पक्कड किंवा ब्लेडने सोलताना तारेवर गोल चीर पडते, आणि एकेरी ॲल्युमिनियमची तार वाकवली की नेमकी त्याच चिरेवर तुटते. सोललेली लांबी एवढी असावी की टर्मिनलचे दोन्ही स्क्रू उघड्या धातूवर बसतील आणि भोकाबाहेर उघडी तार दिसणार नाही. बऱ्याच जळालेल्या मीटरांत बाहेरचा स्क्रू इन्सुलेशनवरच आवळलेला सापडतो. सगळा प्रवाह एकट्या आतल्या स्क्रूवर आलेला असतो.

ॲल्युमिनियमच्या टोकाला दोन धातूंचे (ॲल्युमिनियम-तांब्याचे) पिन लग, म्हणजे दांडीसारखे टोक, योग्य डाय (साचा) असलेल्या क्रिंपिंग टूलने दाबून बसवावे आणि आत ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावावी. हातोडीने ठोकलेले किंवा पकडीने चेपलेले लग बाहेरून घट्ट दिसते आणि आतून पोकळ राहते. घराकडची वायर बारीक तारांची, लवचिक तांब्याची असेल तर फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) लावावे, नाहीतर स्क्रू तारा बाजूला सारतो आणि मधल्या चार-पाच तारांवरच बसतो. आवळताना मीटरच्या आतल्या बाजूचा स्क्रू आधी आवळावा आणि वायर ओढून पाहावी. मग बाहेरचा आवळावा आणि पुन्हा एकदा आतला. बाहेरचा आधी आवळला तर तार आतपर्यंत पोहोचली नसली तरी ती हाताला पक्की लागते आणि दोष लपतो. उत्पादकाने टॉर्क (आवळण्याचा ठरावीक पीळ) दिलेला असेल तर टॉर्क ड्रायव्हरनेच आवळावे. मनगटाचा अंदाज सकाळच्या पहिल्या मीटरला आणि संध्याकाळच्या शेवटच्या मीटरला सारखा राहत नाही, आणि राज्यात सध्या जुनी मीटर काढून स्मार्ट मीटर बसवण्याचे जे काम चालू आहे त्यात हे विशेष जपायला हवे, कारण तिथे नव्या मीटरमध्ये बहुतेक जुनीच टोके जातात.

टर्मिनल ब्लॉकचे प्लास्टिक काळे पडले असेल, फुगले असेल किंवा स्क्रूचे आटे गेले असतील, तर ते मीटर दुरुस्त करू नये. नवे टोक आणि नवे मीटर, दोन्ही एकदम करावे.

आठवी तपासणी: पोलवरचा सांधा

मीटर आणि टोक दोन्ही चांगले असूनही डिस्प्लेवरचे व्होल्टेज उड्या मारत असेल, तर दोष पोलवरच्या जोडात किंवा सर्व्हिस वायर भिंतीवर घासते त्या जागी असतो. हे काम परमिट घेऊन, लाइन बंद करून, ती जमिनीला जोडून (अर्थिंग करून), लाइनमननेच करायचे असते. खाजगी माणसाने पोलवर चढू नये, आणि घरमालकाने त्याला त्यासाठी पैसे देऊ नयेत.

कुठे थांबावे

धूर, ठिणगी, पेटीतले पाणी, पेटीला किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या, प्रखर होणारे दिवे, दोन्ही भोकांत पेटणारा टेस्टर, यांपैकी काहीही दिसले तर क्रम सोडून द्यावा. मेन स्विचपर्यंत कोरड्या हाताने आणि कोरड्या जमिनीवरून पोहोचता येत असेल तर तो बंद करावा. प्रवाह थांबला की टर्मिनलमधली उष्णता वाढणे थांबते, वीज मात्र तिथे असतेच. पोहोचता येत नसेल तर लांब राहावे. मीटर पेटले असेल तर पाणी मारू नये. कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक, तेही सुरक्षित अंतरावरून वापरावे. १९१२ वर कळवताना "वीज गेली" असे न सांगता "मीटरचे टर्मिनल जळते आहे, ठिणग्या पडत आहेत" असे स्पष्ट सांगावे, कारण त्यावरून तक्रारीची निकड ठरते, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.

काम झाल्यावर लगेच माणसाला निरोप देऊ नये. गिझर आणि एसी अर्धा तास एकदम चालवून, कव्हर बंद करण्यापूर्वी चारही टर्मिनलांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने दुरूनच मोजून घ्यायला सांगावे. चौघांत फारसा फरक नसावा. एखादे बाकीच्यांपेक्षा ठळकपणे गरम असेल तर वीज पुन्हा तोडून ते टोक तिथल्या तिथे उघडावे. मग जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग, नव्याचे पहिले रीडिंग आणि नव्या सीलचे क्रमांक मीटर बदलल्याच्या अहवालावर आपल्यासमोर लिहून घ्यावेत, त्यांचे फोटो ठेवावेत, आणि वायर ॲल्युमिनियमची असून लग न लावता सरळ आवळली असेल तर दोन-तीन महिन्यांनी स्क्रू पुन्हा तपासण्याची विनंती त्याच दिवशी लेखी द्यावी.